रुमाल टाकलेली खुर्ची

एसटीत खिडकीतून रुमाल टाकला की सीट आपली, हे आम्हा तांड्याच्या मानसांले कोनी शिकवा लागत नाही. यवतमाळच्या हॉलात माह्या पोराचं, जीवनचं, कॉलेजचं नाटक होतं, तवा बी मी तेच केलं. दुपारीच जाऊन पहिल्या रांगेतल्या तीन खुर्च्या धरल्या. एकीवर मी, बाकी दोन्हींवर रुमाल. राळेगावहून माहा भाऊ देवीलाल अन् वहिनी येनार होते.

सारा हॉल भरत आला, तवा बुरख्यातली एक म्हातारी आली. हातात कापडाची थैली.

"बाई, मी हजराबी, मुकुटबनची. माही मुस्कान हाये नाटकात. मोतीबिंदू झाला, मले दुरून काही दिसत नाही. एका खुर्चीवर बसू का?"

"रुमाल दिसून नाही राह्यला काय?" मी म्हनलं. "उशिरा याचं अन् पुढची जागा मागाची."

"पोरगी म्हने, अम्मी, पुढंच बस. तुह्याकडं पाहूनच बोलीन."

"मंग सकाळीच निघाचं होतं."

ती थैली सावरत वळली. मागं खांबाआड एक खुर्ची होती, तिथं जाऊन बसली. जिभेले हाड नसते म्हनतात. माहीले तर लगामही नाही.

पडदा उघडाच्या आधी देवीलालचा फोन आला. गाडी बिघडली, येनं होत नाही. दोन्ही खुर्च्या रिकाम्या. मले तवाच उठून हजराबीले बोलावता आलं असतं. पन आत्ताच तिच्यावर तोंड टाकलं, अन् आत्ताच हात जोडून जाऊ? रांगेतले लोक काय म्हनतीन? पडली तरी नाक वर, अशी मी. रुमालही उचलले नाही.

नाटकात मुस्कानचं लग्न ठरते अन् ती आईचा निरोप घेते. ती पुढं आली, पहिल्या रांगेकडं पाहिलं. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पाहिलं. मंग माह्या बाजूच्या रुमालावर नजर थांबली अन् वाक्यच विसरली. जीवननं हळूच सांगितलं, तवा कसंबसं पुरं केलं. पुढं तिनं एकदाही आमच्याकडं पाहिलं नाही. मी पोराचं काम पाहाले गेलती, पन त्याचं एक वाक्य मले आठवत नाही.

नाटक सुटलं. मुस्कान रंग लावलेल्या तोंडानंच खाली आली.

"काकू, माही अम्मी आली नाही ना? इथं कोनीच नव्हतं."

तेवढ्यात खुर्च्या धरत-धरत हजराबी आली.

"कुठं होतीस अम्मी? मी किती पाहिलं तुले."

हजराबीनं जवळून माह्या तोंडाकडं पाहिलं. तिनं मले ओळखलं, हे मले कळलं.

"या बाईनं तर बस म्हनलं होतं, बेटा. मलेच गरमी होत होती. मागं पंखा होता."

"पंख्यासाठी, अम्मी?" मुस्कानचे डोळे भरले. आईचा हात न धरताच ती दाराकडं निघाली.

मले बोलाचं होतं. खरं सांगते, शब्द तोंडाशी आलता. पन तोंडातून निघालं ते असं, "असू दे बेटा, म्हातारं मानूस हाये."