केरबाच्या छातीतली नळी

“पेशंटनं नळी ओढली म्हणून यकृत फाटलं, असं लिहिलंय तुमी साहेब. धादांत खोटं हाय हे!”

महादेवी सिस्टरनं कागद टेबलावर आपटला. रुग्णालयाच्या प्रमुख साहेबांनी तिला केरबाच्या अहवालावर नुसती सही ठोकायला बोलावलं होतं. नोकरीची दोन वर्षं उरलेली; साहेबांना वाटलं, बाई मान खाली घालून पेन उचलेल.

केरबा जुना पैलवान. कुस्ती सुटली, म्हशी राहिल्या. गेल्या पुनवेला सकाळी धार काढताना एकीनं उजव्या बरगडीत अशी लाथ हाणली, की छातीत रक्त साचलं आणि गड्याला श्वास पुरेना. नळी घालून रक्त काढणं भागच होतं. सोनोग्राफी छातीवर फिरवली असती तर छाती कुठं संपते नि यकृत कुठं सुरू होतं ते दिसलं असतं. पण मशीन कपाटात कुलूपबंद, किल्ली साहेबांच्या खिशात, आणि साहेब नृसिंहवाडीला दर्शनाच्या रांगेत. महादेवीनं तीनदा फोन लावला. उचलला नाही.

डॉक्टर शशिधर नवा. स्तनाग्राच्या रेषेत बोट धरायचं, तिथंच नळी घालायची, एवढं शिकलेला. सडसडीत माणसाला ते चालतं. पण तालीम सुटलेल्या पैलवानाची छाती ओघळते, स्तनाग्र दोन बरगड्या खाली उतरतं. कोल्हापुरात वाढलेल्या पोराला हे सुचू नये! नळी छातीच्या पडद्याखाली, थेट यकृतात घुसली.

बाटलीत काळंभोर रक्त भळभळलं. श्वासाबरोबर बाटलीच्या नळीतलं पाणी हलेना; नळी छातीत असती तर ते खालीवर झालं असतं.

“म्हशीनं एक घातली,” केरबा कण्हला, “तुमी दुसरी घातलीसा व्हय?”

शशिधर पांढराफटक. नळी उपटायला त्यानं हात घातला, तसं महादेवीनं त्याचं मनगट पकडलं.

“काढायची न्हाय! बूच हाय ते. उपटलंसा तर रक्ताचा पाट वाहील. चिमटा लावा, टाके घालून हाय तिथंच बांधा.”

“आणि छातीतलं रक्त?”

“दुसरी नळी. वर, काखेत. बरगड्या वरनं मोजा, मोठ्यानं. मला ऐकू आलं पायजे.”

तो मोजत गेला. चौथ्या बरगडीखाली थांबला. या खेपेला पाणी खालीवर झालं, केरबानं दम घेतला. रक्त चढवलं, स्कॅन काढला, वरच्या ऑपरेशन थेटरात नेलं. सर्जन अनुजा मॅडमनी पोट उघडलं, यकृत डोळ्यांपुढं घेतलं, मगच पहिली नळी काढली आणि रक्त थांबवायला जखमेवर कापडी पट्ट्या दाबून पोटातच ठेवल्या. तिसऱ्या दिवशी पोट पुन्हा उघडून त्या काढल्या. केरबा वाचला.

शशिधरनं त्याच दिवशी लिहून दिलं होतं, चूक माझी, मशीन मिळालं नाही. तो कागद गडप झाला आणि हा उगवला.

“पोराचं नाव वाचतंय की,” साहेब म्हणाले. “तुमाला काय अडचण?”

“पोरानं कबूल केलंय. वाचवताय तुमी सोताला. आणि दोष कुणावर? श्वास पुरत नसलेल्या म्हाताऱ्यावर! उद्या दुसरा केरबा येईल, तवाबी कपाटाला कुलूपच असंल.”

तिनं कागद उलटा केला. कोऱ्या बाजूवर ‘पेशंटनं नळी ओढली नाही, मशीन कुलपात होतं’ अशी एक ओळ लिहिली, तारीख घातली, ठसठशीत सही केली आणि पेन साहेबांपुढं सरकवलं.

“झाली माझी सही. आता खाली तुमी लिवा. त्या सकाळी किल्ली कुणाच्या खिशात होती?”