माणकाची भुकटी आणि मी

मित्रांनो, मी स्पिनेल नावाचा एक जुना खडा आहे. रंगाने लाल, आकाराने हरभऱ्याएवढा. मोगोकच्या बाजारातल्या एका व्यापाऱ्याच्या डबीत, बिनकामाच्या खड्यांमध्ये सध्या पडून आहे.

ब्रह्मदेशातल्या या डोंगरांत, पांढऱ्या संगमरवराच्या पोटात माझा जन्म झाला. माणिकही तिथलंच, जणू पाठचं भावंड. लाली दोघांची सारखी, म्हणून माणसं फसतात. पण माणिक माझ्याहून कठीण, आणि आकाराच्या मानाने जडही. ते वाढतं सहा कडांच्या चपट्या वडीसारखं. मी मात्र दोन पिरॅमिड तळाला तळ लावून जोडावेत तसा होतो. आठ पैलू, सहा टोकं, आणि पैलू अगदी आरशासारखे. कुठल्या कारागिराचा हात न लागता!

खाणीतून टाकून दिलेल्या खडीत बायकांनी शोधावं आणि सापडेल ते आपलं म्हणावं, अशी इथली रीत आहे. त्या ओल्या ढिगातून मला मा चोने उचललं. सपाटीवरच्या गावातून लग्न होऊन आलेली, नवरा खाणीत दगावलेला, पदरी लहानगी नीलार. खडी फोडताना उडालेली कपची नीलारच्या उजव्या डोळ्यात गेली होती, आणि बुबुळावर पांढरी साय चढत चालली होती. मंडालेच्या डॉक्टरांनी बजावलं होतं, उशीर केलात तर डोळा जाईल. मा चो रोज सकाळी लेकीचा डावा डोळा झाकून विचारायची, "माझी बोटं दिसतात का गं?"

"दिसतात की!"

"किती?"

"सगळी!"

मा चो तोंड फिरवायची.

मला पाहताच तिने पटकन मुठीत झाकलं. शेजारच्या ढिगावर खडी निवडणारी म्हातारी दॉ एइ ओरडली, "काय गं, गप्प का झालीस? माणिक गिळलंस की काय?"

"कसलं माणिक, मावशी! काच आहे काच," असं म्हणत तिने मला गालात लपवलं.

तिने कोणालाच विचारलं नाही. दाखवला तर कोणी हिसकावून घेईल, ही धास्ती. बायकांच्या बोलण्यातून एवढंच कानावर पडलं होतं की टोकं असली तर ते माणिक नव्हे. मग टोकंच नकोत, माणिक म्हणून विकलं की डोळ्याचा खर्च सुटेल! भरदुपारी दार लावून ती मला नदीतल्या गोट्यावर घासू लागली. गोटा झिजला, मी नाही. मला झिजवायला माझ्याहून कठीण काहीतरी लागतं. शेवटी तिने ढिगातले गढूळ माणकाचे कण कुटले, तेलात कालवले, तांब्याच्या पत्र्यावर पसरले. भावंडाच्या भुकटीने मी झिजू लागलो. "बाई गं, थांब!" असं ओरडावंसं वाटत होतं, पण दगडाला तोंड कुठलं? एकेक टोक गेलं.

बाजारात ऊ तिन या म्हाताऱ्या व्यापाऱ्याने मला पितळी थाळीत फिरवलं, मग एका छोट्या नळीतून पाहिलं. त्या नळीत माणकाचे दोन लाल दिसतात, एक जांभळट, एक नारिंगीकडे झुकणारा. मला कसंही फिरवा, लाल एकच.

"पोरी, हे माणिक नाही."

"नीट बघा ना काका! उजेडात धरून बघा."

"उजेडातच बसलोय की मी." त्याने नखाने माझी बोथट कड चाचपली. "हे तू घासलंस?"

तिने तेलकट बोटं पाठीमागे लपवली.

"अगं वेडे! असा टोकदार खडा म्हणजे नतांनी, डोंगरातल्या देवांनी घासलेला. लोक तो तसाच ताईत म्हणून गळ्यात घालतात, घासाघीस न करता घेतात. देवांनी घासलेलं कोणी परत घासतं का?"

मा चोने माझ्या बोथट कडेवरून बोट फिरवलं. मग म्हणाली, "काका, टोकं परत येतील का हो?"

ऊ तिनने मला डबीत टाकलं आणि मंडालेच्या गाडीभाड्यापुरते पैसे तिच्या हातावर ठेवले. "जा. पुढचं तिथे बघ." दाराशी खेळणाऱ्या लेकीला पाठुंगळी घेऊन ती धावतच सुटली.

मंडालेची गाडी रोज संध्याकाळी परत येते. ऊ तिन दाराशी उभा राहून उतरणाऱ्यांत त्या मायलेकींना शोधतो, आणि एकटाच आत येतो. मी डबीतून त्याच्या पावलांकडे कान लावून असतो.

मित्रांनो, त्या आईला नावं ठेवू नका. हातात आलेल्या वस्तूला दुसऱ्या कशासारखं करण्याआधी ती मुळात काय आहे, हे कोणाला तरी विचारा. आणि शेजारी कोणी दार लावून घाबऱ्या हातांनी काही घासताना ऐकू आलं, तर चेष्टा करू नका. दार ठोठावा. उघडेपर्यंत ठोठावा.