तिसऱ्या टाकीचा शोकसंदेश

आमच्या जनसंपर्काच्या धंद्यात दुःख आधीच लिहून ठेवतात. दुर्घटना व्हायची असते, पण शोकसंदेश तयार असतो, नावांची जागा तेवढी कोरी. त्यामुळे रंगाच्या कारखान्याच्या मॅनेजरने तसा मजकूर मागितला तेव्हा मी चहा पीत पीतच लिहायला बसले. लिहून झाल्यावर त्याने पाठवलेले मुद्दे पुन्हा पाहिले, तर त्यात 'तिसऱ्या टाकीजवळील दुर्घटना' असं होतं. न झालेल्या दुर्घटनेला कधी टाकीचा नंबर असतो का? माझा धाकटा भाऊ त्याच कारखान्यात कामाला आहे.

मी मॅनेजरला फोन लावला. "नंबर कशाला घातलाय?"

"अहो मॅडम, तिचा दाब जरा वरखाली होतोय. ही ऑर्डर पुरी झाली की बंद करू तिला. तुम्ही लिहा ना छान."

छान म्हणे! मेल्याला लाज नाही. मी तडक साहेबांच्या केबिनमध्ये शिरले. एजन्सी त्यांची, आणि आमच्या व्यवसायाच्या नीती समितीचे अध्यक्षही तेच. आचारसंहिता मागच्या भिंतीवर फ्रेम करून लावलेली.

सगळं ऐकून ते म्हणाले, "क्लायंटची गुपितं बाहेर काढायची नाहीत, हेही त्यातच लिहिलंय."

"आणि माणसं मेली तर?"

"समितीकडे रीतसर तक्रार कर."

"म्हणजे तुमच्याकडेच ना?"

"पुढच्या बैठकीत घेऊ."

मी तिथूनच भावाला फोन लावला.

"कुठे आहेस रे?"

"तिसरीवर. का गं ताई?"

"आत्ताच्या आत्ता बाहेर ये. पोट दुखतंय म्हणून सांग."

"काहीतरीच काय! बाकीचे इथेच आहेत, मी एकटा कसा येऊ? झालंय काय?"

मला माझीच लाज वाटली. मी फक्त माझ्या भावाला वाचवायला निघाले होते.

"फोन ठेव," साहेब उठून उभे राहिले. "या धंद्यात तुला पुन्हा कोणी दारात उभं करणार नाही."

मी घाबरले. तरी भावाला म्हटलं, "स्पीकर लाव. सगळ्यांना ऐकू दे." आणि लिहिलेला कागद वाचायला लागले. "तिसऱ्या टाकीजवळील दुर्घटनेत प्राण गमावलेल्या आमच्या सहकाऱ्यांना भावपूर्ण श्रद्धांजली."

पलीकडे कोणीतरी हसलं. "अहो ताई, आम्ही जिवंत आहोत की!"

"म्हणून तर वाचतेय," मी किंचाळले. "पळा!"