उलटं चढवलेलं टायर

"मागचं टायर संपलंय तुझं," सासरे खोलीतूनच म्हणाले.

सून नुकतीच कामावरून येऊन सायकल ढकलत आत आणत होती. ती नर्स. घरोघरी जाऊन जखमांचं ड्रेसिंग करायचं, इंजेक्शनं द्यायची, हे तिचं काम.

"तुम्हाला कसं कळलं, बाबा?"

"नव्या टायरची फरशीवर खरखर होते. तुझं चोरासारखं मुकाट आत शिरतंय."

तिने वाकून पाहिलं. टायरच्या मधल्या खाचा पार झिजून गुळगुळीत झाल्या होत्या आणि एका जागी तर आतले धागे डोकावत होते. इतके दिवस ती त्याच्यावर बसून गावभर फिरत होती!

सायकल मुळात सासऱ्यांची. उभा जन्म त्यांनी सायकलवर काढला. मग नजर मंदावत गेली, आणि आता उजेड-अंधार तेवढा कळायचा. गेलेली नजर परत यायची नाही, हे डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं होतं. ज्या दिवशी ते फाटकाच्या खांबावर जाऊन आदळले, त्याच दिवशी त्यांनी सायकल सुनेच्या हवाली केली. "गंजण्यापेक्षा तू वापर," एवढंच म्हणाले. तेव्हापासून जेवणाखेरीज खोलीबाहेर पाऊल नाही. मुलाने समजावलं, विनवून पाहिलं, शेवटी हात टेकले.

कोपऱ्यावरच्या सायकलवाल्याकडे दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तिने नवीन टायर घेतलं. पण त्याच्यासमोर सायकलींची रांग लागलेली. "आज काही जमायचं नाही, ताई," तो म्हणाला. पेशंट थांबणारे नव्हते. तेव्हा टायर, पांढऱ्या चिकाची बाटली आणि फाजील आत्मविश्वास घेऊन ती घरी आली.

टायर ट्यूबलेस. म्हणजे आत ट्यूब नाहीच. टायरच्या कडा रिमला घट्ट चिकटून बसतात, तीच हवा धरतात, आणि आत ओतलेला चीक बारीकसारीक भोकं बुजवतो. ऐकायला सोपं. जुनं टायर काढताना तिचं एक नख गेलं. नवीन चढवलं, तर पंप मारून मारून नाकी नऊ आले. जेवढी हवा आत, तेवढी बाहेर.

"वॉल्व्हच्या आतली पिन काढ आधी," खोलीतून सूचना आली. "हवा झपकन आत जाईल."

"काढलीये!"

"कडांना साबणाचं पाणी?"

"लावलंय!"

"मग तू पंप हळू मारतेस."

तिने पंप आपटला. "बाबा, उंटावरून शेळ्या हाकू नका! सांगायचं असेल तर इथे येऊन सांगा!"

तिने जीभ चावली. नजर गेल्यापासून सासऱ्यांशी सगळे काचेचं भांडं उचलल्यासारखे जपून बोलायचे. आवाज कुणी चढवला नव्हता. माफी मागायला ती उठणार, तोच चपला घासत चालल्याचा आवाज आला. भिंतीला हात लावत सासरे बाहेर आले. तिने पुढे सरकवलेलं स्टूल चाचपून त्यावर बसले.

"दे इकडे चाक."

एका हाताने गिअरची चाकं धरून त्यांनी चाकाची उजवी बाजू ओळखली, दुसऱ्याची बोटं टायरवरून फिरवली आणि एका जागी थांबवली. "हा उठावाचा बाण बघ. टायर कुठल्या दिशेने फिरायला हवं ते दाखवतो. तू उलटं चढवलंयस."

"अगं बाई!"

"दिवा लावला होतास ना?"

"होता की!"

"डोळे, दिवा, चष्मा, सगळं असून ही तऱ्हा!" म्हणत ते हसले. तीही हसत सुटली. हसता हसता तिच्या लक्षात आलं, की हे हसू या घरात किती दिवसांनी ऐकू येतंय.

टायर पुन्हा उतरवलं. रिमच्या आतल्या टेपवरून त्यांचा अंगठा सरकत गेला आणि वॉल्व्हपाशी अडला. "टेप फाटलीये इथे. हवा इथूनच पळतेय. माझ्या पत्र्याच्या डब्यात असेल बघ नवी."

तिने जुनी टेप ओरबाडली, पिशवीतल्या स्पिरिटने रिम पुसून घेतली आणि नवी टेप ताणून बसवली. सासऱ्यांनी अंगठा फिरवून पाहिलं.

"एक सुरकुती नाही. पेशंटला पट्टीही अशीच लावतेस?"

"पेशंट ओरडतात, रिम ओरडत नाही."

टायर सुलट चढलं. पंप मात्र सासऱ्यांनी सोडला नाही. दात-ओठ खाऊन मारत राहिले, आणि फट्! फट्! करत कडा जागेवर बसल्या. ती दचकून मागे झाली. मग पुन्हा हवा सोडून वॉल्व्हमधून चीक ओतला, पिन लावली, हवा भरली. सासऱ्यांनी चाक फिरवलं, तर पिन सैल राहिलेली. चिकाचं कारंजं थेट त्यांच्या कपाळावर.

नेमका तेव्हाच मुलगा दारात आला. काळेकुट्ट हात, कपाळावरून पांढरे ओघळ, आणि बाप बाहेर बसलेला!

"बघत काय राहिलास? फडकं आण," सासरे म्हणाले.

सकाळी हवा जशीच्या तशी होती. सासऱ्यांनी अंगठ्याने टायर दाबलं. मग पायात चपला सरकवल्या. "कोपऱ्यापर्यंत येतो. रस्त्यावर कसं चालतंय ते ऐकायचंय मला."

एक हात सीटवर ठेवून ते तिच्याबरोबर निघाले. फाटकापाशी ठेचकाळले, एक सणसणीत शिवी हासडली. ती सावरायला धावली नाही. फक्त थांबली. ते परत चालू लागले.

कोपऱ्यावर सायकलवाल्याने त्यांना पाहिलं आणि हातातलं काम टाकून उठला. "काका! किती दिवसांनी! बसा, बसा." त्याने खुर्ची दिली. बोलता बोलता एक चाकही मांडीवर ठेवलं. "हे जरा बघा ना. हवा धरत नाही, आणि मला काही सापडत नाही."

"तू जा," सासऱ्यांनी सुनेला सांगितलं. बोटं केव्हाच रिमवर फिरू लागली होती. "पेशंट वाट बघत असतील. येताना ने मला."

संध्याकाळी ती न्यायला गेली, तर सासऱ्यांना घरी यायला सवडच नव्हती.

"थांब जरा," ते मान वर न करता म्हणाले. "या बाईंचं टायर अर्धवट चढलंय. आणि उभी कशाला राहिलीस? पंप धर."