दिवसा झोपणाऱ्याची खोली

गावात त्याची झोप प्रसिद्ध होती. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात सासूनं नव्या सुनेला बजावलं होतं, "याला उठवायचं असेल तर हाक मारू नकोस, पांघरूण ओढ. हाक फुकट जाते." तेव्हा तो गावातल्या एकुलत्या एका बेकरीत दिवसा काम करायचा आणि रात्री चारचौघांसारखा झोपायचा. पुढं ती बेकरी बंद पडली. शहरात राहणाऱ्या त्याच्या थोरल्या बहिणीनं तिकडच्या एका मोठ्या बेकरीत शब्द टाकला आणि नवरा-बायको दोन ट्रंका घेऊन तिच्या दारात येऊन उभी राहिली.

शहराला पाव उजाडायच्या आत लागतो, हे गावात कुणाला ठाऊक होतं? भट्टी रात्रभर पेटलेली असायची. जग अंथरुणं गुंडाळत असे तेव्हा हा घरी यायचा आणि अंथरूण पसरायचा. बहिणीचं घर दोन खोल्यांचं. ती कपडे शिवायची, त्यामुळं दिवसभर शिलाईयंत्र चालू, मध्येच थांबलेलं, पुन्हा चालू. गिऱ्हाइकं दारावर थाप मारायची, पोरं शाळेतून यायची ती भांडतच. सून बिचारी दिवसभर ओठांवर बोट ठेवून हिंडायची. फोडणीसुद्धा ती दार लावून, झाकण घालून करायची. इतकं करून आत डोकावावं तर हा छताकडं बघत पडलेला.

"झोपला नाहीत?"

"झोपतोय की. तू विचारलंस म्हणून उठलो," तो म्हणायचा. पण त्याचे डोळे लाल असायचे.

वेगळी खोली घ्यायची हे ठरलं आणि पहिली चूक तिथंच झाली. त्याची सुट्टी शनिवारच्या रात्रीची, म्हणून खोल्या बघायच्या त्या रविवारी. रविवारी बघितलेली पहिलीच खोली सगळ्यांना पसंत पडली. गल्ली अशी शांत, की नणंद म्हणाली, "इथं कुत्रंसुद्धा विचारून भुंकत असेल." सामान गेलं. सोमवारी सकाळी तो कामावरून येऊन आडवा झाला आणि भिंतीपलीकडं पत्र्याच्या पेट्या ठोकायला सुरुवात झाली. कारखाना होता, रविवारी बंद असलेला. आगीतून फुफाट्यात. बांधलेल्या ट्रंका सोडायच्या आतच पुन्हा नणंदेकडं आल्या.

"रविवारी कुणाचंही घर शहाणंच दिसतं गं वहिनी," नणंद म्हणाली. चूक तिचीही होती, पण बोलायला ती कधी मागं राहायची नाही.

त्याच आठवड्यात झोपेच्या गुंगीत त्यानं कणकेत दोनदा मीठ घातलं. सगळा घाणा फेकून द्यावा लागला. भट्टीचा उस्ताद वाईट माणूस नव्हता. ओरडलाही नाही. एवढंच म्हणाला, "माझ्याकडं भाजलेले हात चालतात, पेंगणारे चालत नाहीत. महिनाअखेरपर्यंत बघतो, नाहीतर तू आपला गावाकडं जा." आणि गावाकडं तर आता काहीच उरलं नव्हतं. ज्या बेकरीत जायचं, तिथं टायरचं दुकान आलं होतं.

हे ऐकल्यावर त्याच्या बायकोनं मनाशी काही ठरवलं. दुसऱ्या दिवशी तो कामावरून आला तसं तिनं त्याच्या हातात चहा दिला आणि काखेत उशी.

"ही कशाला?"

"आजपासून खोली बघायची नाही. खोलीत झोपून बघायचं. भर दिवसा, कामाच्या दिवशी."

"लोक हसतील."

"हसू देत की. झोप आपल्याला हवी आहे, त्यांना नाही."

लोक हसले तर हसलेच. एका घरमालकिणीनं उशीकडं बघून दारच लावून घेतलं. दुसरीनं विचारलं, "यांना काही आजार आहे का?" शेवटी नणंदेनंच एक जागा काढली. मागच्या गल्लीत, झाडीत, एका निवृत्त तारमास्तरांच्या घरातली. मास्तर एकटे, भिडस्त. "झोपा, झोपा," म्हणाले, "मी आपला इथं वाचत बसतो." दोघी बायका ओट्यावर बसल्या. पान हललेलं ऐकू येईल अशी शांतता. नणंद कुजबुजली, "झालं बाई तुझं काम."

बऱ्याच वेळानं तो बाहेर आला. उशी काखेतच.

"काय झालं?"

"घड्याळ ऐकलं. मग मास्तरांनी पान उलटलं ते ऐकलं. मग आता पुढचं पान कधी उलटतील याची वाट बघत पडलो. फार सावकाश वाचतात."

नणंदेनं कपाळावर हात मारला. "आता तुला काय स्मशान भाड्यानं घेऊन देऊ?"

तिघं परत निघाली. महिना सरत आला होता. वाटेत नणंदेला एका गिऱ्हाइकाकडं शिवलेलं झंपर द्यायचं होतं. ती बाई छापखान्याची मालकीण. नवऱ्याच्या मागं तिनंच तो चालवला होता. औषधांच्या बाटल्यांवरची लेबलं तिथं छापायचे. आत शिरताच तळपायाला जमीन थरथरल्यासारखी वाटली. दोन मोठी यंत्रं एका ठेक्यात धडधडत होती, आणि तिथं सगळे ओरडूनच बोलत.

"बाही घट्ट होतेय," मालकीण ओरडली.

"तुमचा दंड सुटलाय," नणंद ओरडली.

दोघींचं ते चाललं असताना सुनेनं सहज मागं बघितलं. दाराशी कागदाचे गठ्ठे रचले होते. त्यावर तिचा नवरा बसला होता, भिंतीला डोकं टेकून, तोंड उघडं टाकून. गाढ झोपला होता. गावात झोपायचा तसा.

"अगं, उठव त्याला," नणंद म्हणाली. "लोकांच्या दुकानात घोरतोय. लाज आणली."

"थांबा, वन्सं," ती म्हणाली. तिचं डोकं जागेवर होतं. ती मालकिणीकडं वळली. "वर काय आहे हो?"

"वर? खोली आहे. पण कुणी राहत नाही त्यात. एक शिक्षक आले होते, तिसऱ्या दिवशी पळाले."

"ही यंत्रं रात्री चालतात?"

"छे. संध्याकाळी सहाला कुलूप. रात्री इथं चिटपाखरू नसतं."

सुनेनं मनातल्या मनात दिवस उलटासुलटा करून बघितला. संध्याकाळी यंत्रं थांबतील तेव्हा हे उठतील. रात्री हे भट्टीवर, आपण वर निवांत. सगळ्या जगाला नको असलेली ही खोली आपल्याच मापाची शिवलेली होती की.

तरी तिनं नियम मोडला नाही. त्याला अर्धवट झोपेतच जिना चढवून वर नेलं आणि उशी दिली. फरशी धडधडत होती, खिडकीच्या काचा किणकिणत होत्या. तो झोपला. दोघी खाली येऊन बसल्या. तासभर गेला असेल, एवढ्यात एकाएकी सगळं शांत झालं आणि वरून घाबरलेला आवाज आला, "काय झालं? कोण गेलं?"

सुनेचा चेहरा उतरला.

"कुणी गेलं नाही," मालकीण हसू दाबत म्हणाली, "जेवणाची सुट्टी झाली. माझी माणसं डबे खातात."

"रोज याच वेळेला?"

"रोज. त्यात खंड नाही."

सून म्हणाली, "मग हेही त्याच वेळेला उठून जेवतील. यंत्रं लागली की परत झोपतील." आणि तसंच झालं. कामगारांनी हात धुतले, यंत्रं सुरू झाली आणि ती वर जाऊन बघते तर हा कुशीवर वळून झोपलेला.

"पण तुझं काय?" नणंदेनं जिन्यातच तिला धरलं. तिच्या आवाजात पहिल्यांदाच काळजी होती. "दिवसभर हा धडाका. कानाचे पडदे फाटतील तुझे."

"वन्सं, इतके दिवस मी कुजबुजतेय. घशाला बुरशी आली माझ्या."

ट्रंका त्याच आठवड्यात वर चढल्या. महिनाअखेर आली आणि गेली. एके रात्री उस्तादानं भट्टीतून पाव काढायचं लांब फावडं याच्या हातात दिलं आणि स्वतः बाजूला सरकून उभा राहिला.

पुढं एकदा नणंद भर दुपारी त्या खोलीवर आली. जिन्यातच चपला काढून हातात घेतल्या, पाऊल न वाजवता आत आली आणि पलंगावर झोपलेल्या भावाकडं बघत ओठही न हलवता म्हणाली, "बरा आहे ना गं?"

"अहो वन्सं, मोठ्यानं बोला," सून डाळ निवडता निवडता खणखणीत आवाजात म्हणाली, "काही ऐकू येत नाही."