शालोमबाबांची रंगपेटी आणि रुद्रम्माची विभूती

मित्रांनो, भालकीतल्या एका देवघरात कालपर्यंत समईशेजारी बसलेली जुनी सागवानी पेटी म्हणजे मी. देवाची मात्र मी नाही. मग कोणाची, हे मलाही नीट सांगता येत नाही. ऐका, आणि तुम्हीच ठरवा.

अलिबागेच्या एका सुताराने मला घडवलं. झाकणात आरसा बसवला, पोटात रंगांसाठी खण पाडले. शालोम झिराडकर नावाच्या तरण्या नटाने मला घरी नेलं. ते बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले मराठी ज्यू. पहिल्याच दिवशी त्यांनी माझ्या उजव्या कडेवर बोटभर लांबीची पितळी नळी तिरकी ठोकली. ती मेझुझा. तिच्यात चर्मपत्रावर लिहिलेली हिब्रू प्रार्थना असते आणि ती घराच्या दाराला लावतात. पण नाटकवाल्याला कुठलं दार, माझं दार हेच, असं ते म्हणत. रंग लावण्याआधी बोटं नळीला लावायची आणि ओठांना टेकवायची, हा त्यांचा नेम.

माझ्या खणांतून कधी पाटील निघाला, कधी कीर्तनकार, कधी दरोडेखोर. एका गावी बाया कीर्तनकाराच्या पाया पडल्या. पुढच्या गावी त्याच माणसाला दरोडेखोर समजून पोरांनी ढेकळं मारली. चेहरा तर एकच! माझा गोंधळ तेव्हापासूनचा आहे. पुढे ते दिग्दर्शक झाले. पाच चित्रपट केले, त्यांतले दोन चालले. पेपरात फोटो आले, तरी नटांच्या मिशा ते स्वतःच चिकटवत.

पाचव्या चित्रपटासाठी आम्ही भालकीच्या उसात आलो. मुक्काम शेतमालक माणिकप्पांच्या घरी होता. शुक्रवारी दिवस बुडायच्या आत काम थांबवून दिवा लावणारा हा पाहुणा त्यांच्या बायकोला, रुद्रम्माला, फार भाविक वाटला. पुढच्या वेळीही इथेच येतो, असं सांगून शालोमबाबा मला ठेवून गेले. चित्रपट पडला. ते आलेच नाहीत.

घर बसवण्णांना मानणारं. घरात प्रत्येकाच्या गळ्यात इष्टलिंगाची चांदीची डबी. पाहुण्याच्या नळीतही लिंगच असणार, असं समजून रुद्रम्माने मला देवघरात नेलं. पस्तीस वर्षं रोज अंघोळ करून ती नळीला विभूती लावत आली. पोटातल्या मिशांना कसर लागली, सफेद्याचा दगड झाला आणि डोक्यावर मात्र ताजी फुलं. याला मान म्हणू की हेळसांड?

काल उदगीरच्या बसने शालोमबाबा आले. सोबत त्यांची मुलगी शिफ्रा. बाबा स्वतःचं नाव विसरलेत. विचारलं की कधी पाटलाचं सांगतात, कधी दरोडेखोराचं. मला पाहून तरी ते स्वतःकडे परततील, एवढ्याच आशेने ती आली होती. नळीत काय आहे ते तिने सांगितलं तेव्हा रुद्रम्मा नळीकडे बघत म्हणाली,

"मंग मी इतकी वर्सं कुणाची पूजा करायलते?"

"देवाचीच की, अत्ते," सून पवित्रा म्हणाली. "पत्ता तेवढा दुसऱ्याचा."

बाबांना कधी विचारलं नाही का, असं शिफ्राने म्हटल्यावर रुद्रम्माने ओवीच सांगितली.

पाव्हणा आला दारी, त्याला पुसू नये नाव
आधी पाण्याचा तांब्या, मग पुसावं गाव

"तांब्या दिला बाई. पुसायचंच राहिलं बग."

झाकण उघडलं. बाबा आरशात बघत राहिले. मग म्हणाले,

"ह्या म्हाताऱ्याचा मेकअप कुणी केलाय? झकास आहे."

शिफ्राने तोंड फिरवलं. तेवढ्यात बाबांचा हात आपसूक नळीवर गेला. बोटं ओठांना टेकली आणि ओठ विभूतीने पांढरे झाले. रुद्रम्मा पदराने पुसायला धावली.

"राहू द्या, अक्का," शिफ्रा म्हणाली.

बाबा ती प्रार्थना पुटपुटू लागले. एक शब्द चुकला नाही. नाव मात्र नाहीच आठवलं.

रुद्रम्माने मला स्वतः उचलून दिलं. "न्या. पर सकाळी कुणीतरी हात लावत जा हिला."

आता मी बसमध्ये बाबांच्या मांडीवर आहे. ही कुणाची पेटी, असं ते दर फाट्याला शिफ्राला विचारतात. ती सांगते, आणि मीही कान देऊन ऐकते. मित्रांनो, जुन्या वस्तूंवर, जुन्या माणसांवर तुम्ही माया करता, ती कराच. पण त्यांच्याजवळ बसून दोन गोष्टी विचारूनही घ्या. ज्याला ठाऊक आहेत, त्याला त्या आठवताहेत तोवर.