भिंतीकडे सोडलेले बुडबुडे

मी एक जुनी तारेची कडी आहे, मित्रांनो. साबणाच्या पाण्यात बुडवून फुंकर घातली की माझ्यातून बुडबुडा निघतो. नौपाड्यातल्या हरिहरकाकांनी मला घरीच वाकवले आणि लेकीच्या, उत्तराच्या, उसवलेल्या स्वेटरची लोकर माझ्याभोवती गुंडाळली. लोकर पाणी धरते, म्हणून माझे बुडबुडे मोठे होतात.

काका स्वमग्न मुलांच्या वाढदिवसांना जायचे. पाहुण्यांच्या तासभर आधी पोचायचे आणि भिंतीकडे तोंड करून जमिनीवर बसायचे. एका वेळी एकच बुडबुडा. "पहिला फुटू दे, मग दुसरा," एवढेच बोलायचे. मूल आपणहून जवळ यायचे. "काका, भिंतीचा वाढदिवस आहे का?" असे कोणी विचारले, तर काकाही हसायचे.

श्रावणात काका वारले. उत्तराने मला धुऊन मऊ कापडात गुंडाळले आणि कपाटात ठेवले. एवढा मान मला कधी मिळाला नव्हता. माझी लोकर मात्र कडक होत गेली.

मग मानपाड्याहून नयनच्या आईचा फोन आला. "काका शनिवारी वाढदिवसाला येतायत ना? नयन रोज कॅलेंडरवर बोट ठेवतोय." उत्तराने काय झाले ते सांगितले. मग म्हणाली, "मी येते."

शनिवारी काकांच्या जागी तिला पाहताच नयन पलंगाखाली शिरला. उत्तरा वाकली, हसली, भराभर बुडबुडे सोडू लागली. "नयन, इकडे बघ ना." त्याने कान झाकले.

दारातून त्याची आजी, तुळसाबाई, म्हणाली, "अगो पोरी, तुजा बापूस त्याला कदी 'बघ' नाय बोलला. भिंतीला बघायचा. तू पन तिलाच बघ."

उत्तरा वळून बसली. एक बुडबुडा. तो फुटल्यावर दुसरा. बऱ्याच वेळाने नयन शेजारी येऊन बसला, भिंतीकडे तोंड करून.

"काका?"

"काका वारले, नयन. आता यायचे नाहीत."

इतक्या दिवसांत कोणासमोर न आलेले रडू तिला तेव्हा आले. ते लपवायला तिने घाईने मला पाण्यात बुडवले. आधीचा बुडबुडा अजून बंद पंख्याखाली तरंगत होता. नयनने हाताने मला अडवले.

"पहिला फुटू दे," तो म्हणाला. "मग दुसरा."

दोघे वर बघत बसले.

मित्रांनो, तुमच्या ओळखीत एखादा नयन असेल, तर त्याच्या वाढदिवसाला टाळ्या हळू वाजवा, आणि त्याला यायला वेळ द्या. आणि माझ्यासारख्या वस्तू कपाटात जपू नका. आमची लोकर ओली राहू द्या.